साथीचे दिवस आणि विद्यार्थ्यांची छायाचित्रे

रोगाची साथ ओसरली म्हणजे तिचा हिशेब मांडला जातो. किती जणांना लागण झाली, किती बरे झाले, किती दगावले, किती दिवस बाजार बंद राहिले, हे सारे सरकारी दप्तरांत नोंदवून ठेवलेले असते. हा हिशेब आवश्यक आहेच. त्यावाचून पुढच्या साथीची तयारी करता येणार नाही. परंतु त्या दिवसांत घरातील माणसे एकमेकांशी कशी वागली, मुलांचा दिवस कसा उगवला आणि कसा मावळला, म्हाताऱ्यांनी वाट पाहिली ती कोणाची, या प्रश्नांची उत्तरे दप्तरांत सापडत नाहीत. ती सांगण्यासाठी दुसरे साधन हवे असते. २०२० साली आलेल्या कोरोनाच्या महामारीत हे साधन अनपेक्षितपणे विद्यार्थ्यांच्या हाती आले. ते साधन म्हणजे छायाचित्र.

गोव्यापुरते बोलावयाचे तर त्या वर्षी मार्चच्या मध्यास शाळा बंद झाल्या. २५ मार्च रोजी राज्यात पहिले तीन बाधित आढळले आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. १९ एप्रिलपर्यंत राज्यातील सातही रुग्ण बरे झाले, तेव्हा गोव्यापुरते संकट टळले असे अनेकांना वाटले. पण जूनच्या आरंभी वास्कोच्या मांगोर हिल भागात साथीने पुन्हा डोके वर काढले आणि तेथून ती गावोगाव पसरली. दहावी-बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते नोव्हेंबरच्या २१ तारखेस. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली. तिच्या भरात तपासलेल्या दर दोन नमुन्यांपैकी जवळजवळ एक बाधित निघत होता आणि रुग्णालयातील प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. फोंड्यासारख्या गावात दहावीला असलेल्या विद्यार्थ्याने हा सगळा काळ मुख्यतः घरात बसून काढला. शाळा त्याच्याकडे आली ती मोबाइलच्या लहानशा पडद्यावरून. आणि ज्या यंत्रावर धडा येत होता, त्याच यंत्राला कॅमेराही होता.

या गोष्टीचे महत्त्व कळावयाचे असेल तर मागे वळून पाहिले पाहिजे. साथ आणि कॅमेरा यांची गाठ आपल्या प्रदेशात काही २०२० साली प्रथम पडली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी ओळखला तो मूळचे गोव्याचे असलेले डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस यांनी. पुढील वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली. या समितीच्या कामाची छायाचित्रे ग्लॉस्टरशायर पलटणीचे कॅप्टन मॉस यांनी घेतली. त्यांचे संग्रह आजही उपलब्ध आहेत. घरांची झडती, आगगाडीच्या उतारूंची तपासणी, रुग्णालयातील खाटा, घरे धुऊन जंतुनाशक फवारणारी माणसे, असे त्यांचे विषय आहेत. चित्रे स्वच्छ आहेत, त्यांची मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकास ती मोलाची आहेत.

तथापि ती पाहताना एक उणीव जाणवल्याखेरीज राहत नाही. या चित्रांतील रोगी, त्याची बायको, दारात उभी असलेली त्याची मुले यांना काय सांगावयाचे होते, याचा पत्ता त्यांत लागत नाही. कॅमेरा झडती घेणाऱ्यांच्या बाजूस उभा आहे. त्याने व्यवस्था पाहिली आणि बंदोबस्त पाहिला. ज्यांच्या घरात परके पाय शिरले, त्यांचा संताप मात्र त्याला टिपता आला नाही. तो संताप किती खोल होता हे पुण्यास २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर झाडलेल्या गोळीने दाखवून दिले. त्या काळची चित्रे आणि त्या काळचा लोकक्षोभ शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते की, छायाचित्र खोटे नसले तरी ते अपुरे असू शकते. आणि त्याचा अपुरेपणा पुष्कळदा कॅमेरा कोणाच्या हाती आहे यावरून ठरतो.

त्या वेळी कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती नव्हता, पण विद्यार्थ्याच्या हाती तो कधीच आला नव्हता असे नाही. पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड मुंबईत डॉक्टर झाले, प्राचीन लेखांचे संशोधक म्हणून गाजले आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफीची संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या आरंभीच्या सभासदांत त्यांची गणना झाली. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचा वर्गही निघाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा छायाचित्रव्यवसाय थाटला. म्हणजे कॅमेरा ही कला विलायतेत जन्मल्यानंतर अवघ्या दीड दशकात ती मराठी विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात आली होती. परंतु काचेच्या तावदानांवर रसायने चढवून, ती ओली असतानाच चित्र घेऊन, अंधाऱ्या खोलीत ते धुवावे लागे. खर्च मोठा, सामान जड, आणि समोरच्या माणसाने काही क्षण पुतळ्यासारखे निश्चल राहिले पाहिजे अशी अट. अशा साधनाने घरातील चालता-बोलता दिवस टिपणे कठीणच होते. १८५५ चा विद्यार्थी चित्र घेण्यास शिकला. पण स्वतःचे दैनंदिन जीवन चित्रातून सांगण्याची सोय त्याला नव्हती. ती सोय १६५ वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यास मिळाली.

साधन हाती आले म्हणून सांगणे जमते असे मात्र नाही. टाळेबंदीत लक्षावधी मोबाइलांतून कोट्यवधी चित्रे निघाली. त्यांतील बहुतेक पाहणाऱ्यास काहीच सांगत नाहीत. चित्र घेणे आणि चित्रातून बोलणे यांत जे अंतर आहे, ते कसे ओलांडावे याचा विचार शिक्षणाच्या आणि आरोग्याच्या क्षेत्रांतील जाणत्यांनी केलेला आहे. १९९२ मध्ये कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोन विदुषींनी चीनच्या युनान प्रांतातील ६२ खेडवळ स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि आपल्या आयुष्याची व आरोग्याची चित्रे त्यांनाच घेण्यास सांगितले. या पद्धतीस पुढे ‘फोटोव्हॉइस’, म्हणजे छायाचित्रातून उमटणारा आवाज, असे नाव पडले. तिचे मर्म सोपे आहे. ज्याच्या आयुष्याविषयी जाणून घ्यावयाचे, त्यालाच कॅमेरा द्यावा. त्याने घेतलेल्या चित्रांतून त्यालाच निवड करू द्यावी. आणि निवडलेल्या चित्राविषयी सर्वांनी एकत्र बसून बोलावे. महामारीच्या काळात अनेक देशांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी हीच पद्धत वापरली.

या बोलण्याला दिशा यावी म्हणून पाच प्रश्न विचारण्याची रीत आहे. चित्रात काय दिसते? येथे खरोखर काय घडत आहे? याचा आमच्या आयुष्याशी काय संबंध? ही स्थिती का निर्माण झाली? आणि तिच्याबाबत काय करता येईल? वरवर पाहता हे प्रश्न बाळबोध वाटतात. परंतु एखाद्या चित्राला ते लावून पाहिले की त्यांची शक्ती कळते.

समजा, फोंडा तालुक्यातील डोंगरकडेच्या एखाद्या वाड्यावरील मुलाने एक चित्र घेतले आहे: कुळागराच्या वर, कातळावर, छत्री उघडून बसलेली त्याची बहीण आणि तिच्या मांडीवर वही. काय दिसते, तर पावसात उघड्यावर बसलेली एक मुलगी. खरोखर काय घडत आहे, तर तिचा गणिताचा तास चालू आहे. घरात संपर्काच्या लहरी पोहोचत नाहीत म्हणून ती येथे आली आहे. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील विद्यार्थी अशाच लहरींच्या शोधात टेकड्या चढत असल्याच्या वार्ता त्या वर्षी सर्वांनी वाचल्या आहेत. आमच्या आयुष्याशी संबंध काय, या प्रश्नाशी येताच चित्र घेणारा भाऊ बोलू लागतो: घरात मोबाइल एकच असल्यामुळे तिचा तास संपेपर्यंत त्याचा तास बुडतो, आणि आता हे चित्रही त्याने त्याच मोबाइलवर तास संपल्यावर घेतले आहे. ही स्थिती का, या प्रश्नापाशी सारा वर्ग विचारात पडतो. डोंगराची आड, मनोऱ्यांची उणीव, वडिलांचे बंद पडलेले काम, दुसरे यंत्र घेण्याची ऐपत नसणे, अशी कारणे एकामागून एक पुढे येतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांपाशी नसेलही. पण जे चित्र केवळ गमतीचे किंवा करुणेचे वाटले असते, ते आता पंचायतीपुढे आणि शिक्षणखात्यापुढे ठेवता येईल असे निवेदन बनलेले असते.

येथे छायाचित्राचा आणि शब्दाचा संबंध स्पष्ट होतो. छत्रीखालील मुलीचे चित्र शब्दावाचून पाहिले तर ती सहलीला आली आहे असेही कोणी म्हणेल. चित्र क्षण पकडते, पण त्या क्षणामागचे कारण सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याने चित्राखाली दोन-चार वाक्ये लिहिणे हे सजावटीचे काम नसून चित्राचाच भाग होय. ती वाक्ये चित्रात दिसते तेच पुन्हा सांगणारी नसावीत. जे दिसत नाही ते सांगणारी असावीत.

विषय कोठून आणावेत, असा प्रश्न फोंड्याच्या विद्यार्थ्याला पडण्याचे कारण नाही. हा तालुका देवळांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जुलमामुळे नदीपलीकडच्या गावांतून देव हलवावे लागले तेव्हा त्यांना आश्रय मिळाला तो याच भूमीत; मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही नावे त्याची साक्ष देतात. ज्या देवळांत वर्षभर भाविकांची रीघ असते, त्यांची दारे २०२० च्या टाळेबंदीत बंद राहिली. त्या बंद दाराबाहेर फुलांची परडी घेऊन एरवी बसणाऱ्या बाईची रिकामी जागा हे महामारीचे चित्र आहे. कदंब गाड्यांच्या स्थानकावरील ओसाड फलाट हेही तसेच. कुंडई, मडकई आणि बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींत परप्रांतांतून आलेले कामगार राहतात. मे २०२० मध्ये श्रमिकांसाठी खास आगगाड्या सुटू लागल्या तेव्हा भाड्याच्या खोल्यांना कुलपे लागू लागली. आणि २२ ऑगस्टला चवथ आली. गोव्याच्या घरांत चवथीला मुंबई-पुण्यापासूनची भावंडे मूळ घरी जमतात. त्या वर्षी पुष्कळ घरांत गणपती आला, माटोळी बांधली गेली, पण पंगत लहान झाली. भरलेली माटोळी आणि तिच्याखाली अंथरलेली अर्धी रिकामी चटई एवढेच एका चित्रात आले तरी त्यात घरचा सारा इतिहास येईल.

या विषयांत एक समान धागा आहे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार जेथे गेले, तेथे विद्यार्थी जाऊ शकत नव्हता. आणि विद्यार्थी जेथे होता, तेथे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पोहोचू शकत नव्हते. भारतातील साथीच्या भीषणतेची चित्रे घेणाऱ्या रॉयटर्सच्या चौघा छायाचित्रकारांना, म्हणजे अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे आणि दिवंगत दानिश सिद्दिकी यांना, २०२२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जळत्या चितांची ती चित्रे जगाने पाहिली आणि ती पाहणे आवश्यकच होते. परंतु स्वयंपाकघरात बसून ताटांची संख्या मोजणारी आजी, विलगीकरणाच्या खोलीच्या दाराशी ठेवलेला पेज-भाजीचा डबा, खिडकीच्या गजातून पलीकडच्या मित्राशी बोलणारा धाकटा भाऊ यांना पाहणारा डोळा घरातच असावा लागतो. इंग्लंडमध्ये मे २०२० मध्ये राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयाने सामान्य नागरिकांना टाळेबंदीतील चित्रे पाठविण्याचे आवाहन केले, तेव्हा सहा आठवड्यांत ३१ हजारांहून अधिक चित्रे आली आणि पाठविणाऱ्यांत चार वर्षांची मुलेही होती. चित्राची किंमत घेणाऱ्याच्या वयावर किंवा यंत्राच्या किमतीवर ठरत नाही, याचा हा मोठाच पुरावा होय.

घरातील डोळ्याचे जसे बळ आहे तशी त्याची जबाबदारीही आहे. आजारी माणसाचे चित्र घ्यावे की नाही, हा प्रश्न कॅमेरा उघडण्यापूर्वीच विचारला पाहिजे. साथीच्या दिवसांत ज्या घरात रोग शिरला त्या घराकडे शेजारी कसे पाहत, हे सर्वांस ठाऊक आहे. एखादे चित्र वाऱ्यासारखे गावभर फिरले तर त्या घरावर बसलेला शिक्का बरे झाल्यावरही पुसला जात नाही. म्हणून ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याची संमती घेणे, ते कोठे दाखविले जाईल हे त्याला सांगणे, आणि त्याने नको म्हटल्यास मुकाट्याने थांबणे, हा या कलेचा पहिला धडा समजला पाहिजे. चेहरा न दाखविताही पुष्कळ सांगता येते. उशाशी ठेवलेला चष्मा, औषधांच्या पुड्या, दोरीवर वाळत घातलेले मुखपट्टे यांना संमती विचारावी लागत नाही, आणि ते कमी बोलतात असेही नाही. प्लेगच्या काळी रोग्याला नको म्हणण्याचा अधिकार नव्हता. नव्या छायाचित्रकाराने तो अधिकार मान्य केला नाही, तर त्याच्यात आणि झडती घेणाऱ्यात फरक उरणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. मोबाइल प्रत्येकाच्या हाती होता हे म्हणणे खरे नाही. ज्यांच्या घरात तो नव्हता, किंवा होता पण कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असे, त्या मुलांना साथीची झळ सर्वांत अधिक लागली आणि नेमकी त्यांचीच चित्रे निघाली नाहीत. वर्गाचा चित्रसंग्रह करताना शिक्षकाने या मुलांकडे प्रथम वळले पाहिजे. यंत्र उसने देता येते; तेही न जमल्यास, जे चित्र घ्यावेसे वाटले पण घेता आले नाही त्याचे वर्णन चार ओळींत लिहून घेता येते. भिंतीवर इतरांच्या चित्रांशेजारी त्या लिखित कागदाला जागा दिली म्हणजे न घेतलेले चित्रही बोलू लागते.

आता प्रश्न उरतो तो जतनाचा. १८९७ ची चित्रे टिकली, कारण ती कागदावर छापली गेली, त्यांचे संग्रह बांधले गेले आणि ते कोणीतरी सांभाळले. २०२० ची चित्रे संख्येने अगणित असली तरी त्यांचा जीव नाजूक आहे. यंत्र बिघडते, बदलले जाते, जागा भरली म्हणून जुनी चित्रे पुसली जातात. त्या वर्षी आठवीत असलेला विद्यार्थी आज महाविद्यालयात आहे किंवा तेथून बाहेरही पडला आहे. त्याचा त्या वेळचा मोबाइल कपाटाच्या खणात पडलेला असेल किंवा भंगारात गेलेला असेल. चित्र सापडलेच तरी ते कोठले, कधीचे, त्यातील माणूस कोण, हे सांगणारी स्मृती दरवर्षी पुसट होत जाते. तारीख, स्थळ आणि प्रसंग यांची नोंद नसलेले चित्र पन्नास वर्षांनी पाहणाऱ्यास मुके वाटते.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक विद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थ्यांना आवाहन करावे, प्रत्येकाकडून पाच चित्रे मागवावीत, पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत, संमतीची चौकशी करावी आणि निवडलेली चित्रे कागदावर छापून एका वहीत चिकटवावीत. त्या वहीची एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयात आणि दुसरी गावच्या वाचनालयात राहावी. शाळेच्या वार्षिक संमेलनात त्यांचे प्रदर्शन भरले, तर ज्या पालकांनी ते दिवस मुलांबरोबर काढले, त्यांनाही मुलांच्या नजरेने ते दिवस पाहता येतील; आणि पुष्कळदा असे आढळेल की, ज्या गोष्टीची मुलाला भीती वाटत होती ती त्याने कधी बोलून दाखविली नव्हती, केवळ तिचे चित्र घेऊन ठेवले होते.

साथरोगांचा १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा अमलात आणावा लागला. साथी परत येतात, हे त्या जुन्या कायद्यानेच शिकविले आहे. पुढची साथ येईल तेव्हा त्या वेळच्या शिक्षकांना, डॉक्टरांना आणि राज्यकर्त्यांना मागच्या साथीविषयी विचारावेसे वाटेल: मुलांचे काय झाले, त्यांना कशाची उणीव भासली, कोणत्या आधाराने ती तगली. आकड्यांचे उत्तर त्यांना सरकारी अहवालांत मिळेल. दुसरे उत्तर फोंड्यातील एखाद्या ग्रंथालयाच्या फडताळातील वहीत त्यांना मिळावे असे वाटत असेल, तर ती वही चिकटविण्याचे काम ज्यांनी ती चित्रे घेतली त्यांना सर्व काही आठवत आहे तोवरच हाती घेतले पाहिजे.